शिवणीतली माया

बदलीचा हुकूम हाती पडला तेव्हा बंगळूरविषयी मला एवढेच ठाऊक होते, की तेथील संध्याकाळी गार असतात. बनशंकरीत बिऱ्हाड थाटले आणि पहिल्याच पावसाळ्यात ते प्रत्ययास आले. ज्या देवीच्या देवळावरून या वस्तीला नाव मिळाले, तिचे मूळ ठाणे बदामीजवळ. देवांग विणकरांची ती कुलदेवता. विणकरांच्या देवीच्या आश्रयाला येऊन मी मात्र पहिली खरेदी केली ती एका स्वस्त तयार जाकिटाची! वर्ष उलटण्यापूर्वीच काखेतली शिवण उसवली. दुरुस्तीला नेले, तर आत धरायला कापडच नव्हते. कडेला ओव्हरलॉकची एक ओळ तेवढी होती. कारकुनाच्या पगाराला स्वस्ताईच मानवते, असे आपण म्हणतो. पण दोन वर्षांत अशी तीन जाकिटे झाली आणि हिशेब जमेना.

त्याच सुमारास आईने वडिलांचा कोट धाडला. वडील जाऊन सहा महिने झाले होते. १९८४ साली त्यांच्या लग्नासाठी शिवलेला तो कोट ठाण्याच्या रेमंड गिरणीच्या लोकरी कापडाचा. माझ्या शाळेचे स्नेहसंमेलन असो की बहिणीचा साखरपुडा, वडिलांच्या अंगावर तोच. एकदा मित्रांदेखत मी चिडून म्हणालो होतो, “बाबा, दुसरा कोट का घेत नाही तुम्ही?” ते शांतपणे म्हणाले, “हा फाटू तर दे.” तो फाटलाच नाही. १९२५ साली सुरू झालेली ती गिरणी २००९ साली बंद पडली. कोट मात्र राहिला.

मला तो छातीत घट्ट होत होता. वस्तीतल्या एका वृद्ध शिंप्याकडे घेऊन गेलो. ते भावसार क्षत्रिय. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, तिला कानडी हेल. त्यांनी अस्तर उसवले, शिवण चाचपली आणि म्हणाले, “बघा साहेब, दीड इंच माया ठेवलीय. शिवणाऱ्याला ठाऊक होतं, नवरदेव असाच सडपातळ राहायचा नाही.”

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो शब्द उमगला त्या दिवशी. चाळीस वर्षे ऊन न लागलेली ती पट्टी मूळच्या गर्द निळ्या रंगाची होती. लग्नात वडील कसे दिसले असतील, ते मला प्रथमच कळले.

टिकाऊ वस्तू शेवटी महाग पडत नाही, हे खरे. पण ती आधी महाग असते, हेही तितकेच खरे. त्या कोटासाठी आजोबांनी उसने पैसे काढले होते. ज्याच्या हाती एकरकमी पैसा नाही, त्याला वर्षाला एक जाकीट फाडणेच भाग पडते. वडिलांना मी कंजूष समजत होतो. ते खरे तर आजोबांच्या कर्जाची लाज राखीत होते.

“साहेब, कडेला गडद पट्टी दिसेल. चालेल ना?”

“चालेल, काका. दिसू द्या.”

कोट घ्यायला गेलो तेव्हा काकांनी आतली बाजू उलटून दाखविली. दीड इंचातले पाऊणच त्यांनी सोडले होते. “बाकीचं ठेवलंय,” ते म्हणाले, “घरी मुलगा आहे ना तुमच्या?”