अर्धी गोष्ट

माझं माहेर सातारा, सासर सांगली. शाळेत इतिहास शिकवला. हल्ली अमेरिकेतला भाचा प्रतापगडाच्या लढाईचे व्हिडिओ पाठवतो. १६५९ च्या त्या भेटीत महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, हे त्यांत नसतं. गावापासून दूर गेलेल्याला गोष्टीचा आधार लागतो, ते कळतं. पण वाटेत माणसं गळतात, वाघनखं उरतात.

२००९ मध्ये मिरजेत याच प्रसंगाच्या कमानीवरून दंगल झाली, संचारबंदी लागली. २०२३ मध्ये पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून पेटलं, एक तरुण जिवानिशी गेला. या आगी परदेशातून लागल्या असं मी म्हणत नाही. पण अर्धी गोष्ट इथं वाळल्या गवतावर पडते.

भाच्याला कळवलंय, ‘बाळा, पाठवायची तर पुरी पाठव. संचारबंदीत दूध आणायला आम्हालाच जायचं असतं.’