सही कोणाची?

मंडळी, आजचा विषय थोडा रूक्ष वाटेल, सांभाळून घ्या.

ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायला 'मूडल' नावाची प्रणाली जगभर वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली तिची पहिली आवृत्ती काढली. त्यांचे बालपण वाळवंटी भागात गेले आणि शाळा रेडिओवरून झाली. लांबून शिकणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

मूडलला लागतील तसे जोडभाग बसवता येतात. त्यांना प्लगइन म्हणतात. २०१० साली आलेल्या मूडल २.० मध्ये आणखी एक सोय झाली, वेब सर्व्हिसची. बाहेरचा एखादा प्रोग्राम लांबूनच या जोडभागांकडून कामे करून घेऊ शकतो.

आपल्या शाळेच्या कचेरीची खिडकी आठवा. बाहेरच्याने आत शिरून कपाट उघडायचे नाही, खिडकीवर चिठ्ठी द्यायची. इथेही तसेच. 'आमच्याकडे एवढीच कामे होतील' अशी यादी प्रत्येक प्लगइनने आधीच लावायची असते. यादीत नसलेले काम होत नाही. आणि चिठ्ठीसोबत लागते टोकन, म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक गुप्त ओळ.

गंमत पुढेच आहे. हे टोकन यंत्राच्या नावाचे नसते, माणसाच्या नावाचे असते. त्या माणसाला जेवढे अधिकार, तेवढेच प्रोग्रामला. मूडलच्या नोंदीत काम वेब सर्व्हिसमधून आल्याची खूण असते, पण नाव त्या माणसाचेच लागते.

हे कळले आणि मी सावध झाले. एका संस्थेतल्या सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या मुलींचे मराठी निबंध मी तपासते. तिथला तरुण कार्यकर्ता म्हणाला, "बाई, तुमच्या नावाचे टोकन काढू. बाहेरचा प्रोग्राम निबंध तपासेल आणि गुण परस्पर मूडलमध्ये भरेल. तुम्हाला काही करावेच लागणार नाही."

मुलगा गुणी आहे, माझ्या डोळ्यांची काळजी करणारा. पण दिवसभर घरकामे करून रात्री निबंध लिहिणाऱ्या मुलीने विचारले, "बाई, माझे दोन गुण कुठे गेले?" तर उत्तर कोण देणार? सही माझी आणि निबंध मी वाचलेलाच नाही, हे मला जमणार नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून तोड काढली. मूडलमध्ये मोजकीच कामे निवडून वेगळी सर्व्हिस बनवता येते आणि टोकनला मुदतही घालता येते. निबंध कोणी दिला, कोणाचा राहिला, तारीख कोणती, एवढे वाचण्याची मुभा प्रोग्रामला दिली. गुण भरण्याचे काम त्यातून वगळले. टोकनची मुदत परीक्षेपर्यंतच ठेवली. पूर्वी ही यादी करण्यात माझी अख्खी सकाळ जायची, आता ती आयती मिळते. यंत्राचे आभारच मानायला हवेत.

यंत्राला काम सोपवायला माझी हरकत नाही. आपण शिपायाकरवी सूचनावही वर्गावर्गांत पाठवत होतोच की! पण वहीतल्या सूचनेखालची सही शिपायाची नसायची.

असो. साठ निबंध वाट पाहत आहेत. विषय आहे 'माझी आई', आणि प्रत्येकीची आई निराळी आहे.