नाडी थांबेपर्यंत

कडबाकुट्टीत हात गेलेला शेतकरी आमच्या अपघात विभागात येतो, तेव्हा सोबतच्यांनी जखमेच्या वर काहीतरी बांधलेलं असतं. कधी सुतळी, कधी बुटाची नाडी, कधी फाडलेल्या साडीचा काठ. बांधणाऱ्याची तळमळ त्या गाठीत दिसते आणि गाठीखालून रक्त मात्र वाहतच असतं. ग्रामीण रुग्णालयात काम करताना सगळ्यात मोलाचं कसब कुठलं वाटलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, पूर्ण आवळणं.

हातापायाच्या बहुतेक जखमांतलं रक्त दाबून धरलं की थांबतं. स्वच्छ कापड, त्यावर तळहात, सगळा भार टाकून दाब. पण लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळत असेल, दाबूनही जुमानत नसेल, तर वेळ घालवायचा नाही. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. मांडीची मोठी धमनी तुटली तर ते काही मिनिटांत जिवावर बेतण्याइतकं सांडतं. इथे टूर्निकेट, म्हणजे रक्त रोखणारा आवळपट्टा, लागतो.

तो कसा चालतो, हे समजायला तपासणीसाठी रक्त घेताना बघावं. सिस्टर दंडाला रबरी पट्टा बांधतात आणि शीर टरारून फुगते. तेवढ्या दाबानं परतीची शीर मिटते, खोलवरची धमनी मात्र चालू राहते. रक्त हातात येत राहतं, माघारी जात नाही. तपासणीला तेच हवं असतं. तुटलेल्या हातावर हेच घडलं तर रक्तस्राव उलट वाढतो. म्हणून अर्धवट आवळलेल्या पट्ट्याची मला भीती वाटते. पट्टा धमनी मिटेपर्यंत आवळायला हवा. जखमेतलं रक्त थांबलं पाहिजे आणि पलीकडे मनगटाची किंवा पावलाची नाडी लागता कामा नये.

नुसत्या गाठीनं एवढा दाब येत नाही, त्याला दांडी लागते. तयार टूर्निकेटच्या पट्ट्यावर ती बसवलेलीच असते. ती पिळायची आणि खाचेत अडकवायची. पट्ट्यात काठी घालून पिळण्याची रीत जुनी आहे. 1718 साली फ्रेंच शल्यचिकित्सक ज्याँ-लुई पेती यांनी तिच्या जागी स्क्रू आणला आणि दाब हवा तेवढा कमी-जास्त करता येऊ लागला. शेतावर तयार पट्टा नसेल तर ओढणीची किंवा उपरण्याची तीन बोटं रुंद घडी घ्यावी, गाठीत पाना किंवा मजबूत लाकूड अडकवून पिळावं आणि ते उलटं फिरू नये म्हणून बांधून टाकावं. सुतळी किंवा तार नको, ती मांसात रुतते आणि मज्जातंतूंना इजा करते. जागा जखमेच्या दोन-तीन इंच वर, पण कोपरावर किंवा गुडघ्यावर नाही. जांघेत, काखेत पट्टा बसत नाही. तिथे जखमेत कापड ठासून भरायचं आणि दाबून धरायचं.

खरी परीक्षा यानंतर असते. पूर्ण आवळलेला पट्टा भयंकर दुखतो. जखमी ओरडतो, बायको हात जोडते, “डॉक्टर, जरा सैल करा हो.” मी सांगते, “दादा, दुखणार आहे. वेदनेचं औषध देते, पण पट्टा सोडणार नाही.” मध्येच सैल केला की धरू लागलेली गुठळी निसटते आणि राखलेलं रक्त पुन्हा सांडतं. रक्त थांबलं नसेल तर सैल न करता वर दुसरा पट्टा बांधायचा. बांधल्याची वेळ पट्ट्यावर किंवा कपाळावर ठळक लिहायची, कारण पुढच्या शल्यचिकित्सकाचे सगळे हिशेब त्या आकड्यावरून सुरू होतात.

पट्ट्यानं हात जाईल, ही धास्ती अनेकांना असते. शस्त्रक्रियागृहात हवेच्या दाबाचा टूर्निकेट दोन तासांपर्यंत लावून ठेवणं नित्याचं आहे. शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी तो 1904 साली पुढे आणला. 2006 साली बगदादमधल्या लष्करी रुग्णालयात शल्यचिकित्सक जॉन क्रॅग यांनी 232 जखमींचा अभ्यास केला. निव्वळ पट्ट्यामुळे एकाचाही अवयव गेला नव्हता. शॉकमध्ये, म्हणजे रक्त घटून रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी पट्टा लागला त्यांच्यातले 90 टक्के वाचले, नंतर लागला त्यांच्यातले 10 टक्के. घाई करायची ती इथे.

साप चावला की मात्र हेच हात आवरायचे. फुरसं किंवा घोणस चावलेला पाय दोरीनं आवळून आणलेला मी पाहिला आहे. विषानं आधीच पोखरलेल्या मांसाचा रक्तपुरवठाही त्या दोरीनं तुटतो आणि ती सोडताच कोंडलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं. तिथे पाय हलू न देता प्रतिविषापर्यंत पोचणं हाच उपाय. कुठे पूर्ण आवळायचं आणि कुठे मुळीच नाही, हे ओळखता आलं पाहिजे.

ऊसतोडीच्या टोळीतल्या पोरांना शिकवताना मी पट्टा त्यांच्याच दंडावर आवळायला लावते आणि जोडीदाराला मनगट धरायला सांगते. बोटांखालची नाडी विझली की, किती जोर लागतो हे हाताला कळतं. ते भाषणातून कळत नाही. लगेच पट्टा सोडतो, पण चेहऱ्यावरचा संकोच गेलेला असतो. 108 ची गाडी कितीही धावली तरी तिला रस्ता कापावाच लागतो. तोवरची मिनिटं फडातल्या, गोठ्यातल्या, रस्त्यावरच्या माणसाच्या हाती असतात. ते हात तयार करणं ही आम्हा डॉक्टरांची जबाबदारी आहे, असं मी मानते. प्रत्येक साखर कारखान्यानं गळीत हंगामाआधी टोळीतल्या दोघांना तरी हे शिकवावं, एवढी माझी मागणी आहे.