कर्त्या पुरुषाचे हसू

घरातील सत्ता कुणाकडे आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर त्या घरात कुणाला हसण्याची मुभा आहे हे पाहावे. एकत्र कुटुंबात कर्त्या पुरुषाला हसणे हा उद्धटपणा होता. त्याच्या माघारी, स्वयंपाकघरात, तोंडाला पदर लावून मात्र पुष्कळ हसले जाई. दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकांनी हे माघारचे हसू बैठकीच्या खोलीत आणले. मराठी कुटुंबाच्या बदलत्या मूल्यांचा विचार करताना मला ही घटना लहान वाटत नाही.

चिं. वि. जोशींचे चिमणराव १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर अवतरले. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला हा कुटुंबप्रमुख भित्रा, भाबडा आणि प्रत्येक संकटात गुंड्याभाऊचा आधार शोधणारा होता. काऊ, मुले, आई यांच्या संसाराचा हा धनी हास्यास्पद ठरे; पण त्याचे धनीपण जात नसे. हसून झाल्यावर पाटावर पहिला मान त्याचाच.

नागपूरकरांनी मात्र चिमणराव वाचले होते, पाहिले नव्हते; मुंबईचे प्रक्षेपण तेव्हा आमच्यापर्यंत पोचत नव्हते. आमच्याकडे दूरचित्रवाणी रुजली ती ऐंशीच्या दशकात, दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे बोट धरून. त्यामुळे माझ्या पिढीच्या नागपुरी मुलांना घरगुती विनोदाची पहिली ओळख झाली ती १९८४ च्या 'ये जो है जिंदगी'मधून, म्हणजे हिंदीतून. शरद जोशींनी लिहिलेल्या त्या घरात नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ एवढेच. वडीलधारे कुणी नाही. सासू-सासऱ्यांविनाही घर असू शकते, हे आमच्या आयांनी त्या पडद्यावर पाहिले. त्यांना काय वाटले, हे त्यांना कुणी विचारले नाही.

पुढे २००१ साली अल्फा टीव्ही मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. मी तेव्हा मराठीत एम. ए. करीत होते. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००४ पर्यंत चालली. चिमणराव झालेला तोच नट आता आजोबा झाला होता. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, शलाका आणि शिऱ्या: तीन पिढ्या एका छताखाली. आबा कुणावर हुकूम चालवीत नाहीत. ते पाहतात, गालातल्या गालात हसतात आणि डायरी लिहितात. कर्ता पुरुष साक्षीदार झाला आणि म्हणूनच सर्वांना हवाहवासा वाटू लागला.

आमचे आजोबा निवृत्त शिक्षक होते. त्यांचे जेवण झाल्याखेरीज घरात कुणी पान मांडीत नसे. ही मालिका मात्र ते आमच्याबरोबर बसून पाहत. एकदा भाग संपल्यावर आम्ही सारे आबांच्या समंजसपणाचे कौतुक करीत होतो. आजोबा शांतपणे म्हणाले, "याला घरात कोणी काही विचारून राहिलं नाही, म्हणून हा इतका गोड झाला."

मालिकेवरची इतकी नेमकी टीका मी नंतर कुठल्या समीक्षालेखात वाचली नाही. म्हाताऱ्याला घरात जागा हवी असेल तर त्याने आपला अधिकार ठेवून यावे, हा अलिखित करार त्या मालिकेने इतक्या मायेने मांडला की तो करार आहे हेच आमच्या ध्यानात येत नव्हते. आजोबांच्या आले, कारण त्यांना त्यावर सही करायची होती. आणि आई? ती हे सारे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत असे. आजोबांचा अधिकार ओसरला, पण तो तिच्याकडे आला नाही. आबांच्या डायरीला फुरसत लागते. श्यामलेची फुरसत कुठून येणार, हा प्रश्न विनोदाच्या कक्षेबाहेरच राहिला.

२०१५ मध्ये झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' आली. रक्ताचे नाते नसलेली सहा तरुण माणसे मुंबईत एकत्र राहतात आणि त्या घराला 'माजघर' म्हणतात. जुन्या वाड्यातील बायकांच्या वावराची जागा आता परक्या मुलामुलींच्या सहवासाचे नाव झाली. योगायोग असा की श्यामलेची भूमिका करणाऱ्या शुभांगी गोखले यांच्या कन्या सखी गोखले या माजघरात रेश्मा होत्या. आई तीन पिढ्यांच्या घरात, मुलगी त्या घराबाहेर. मराठी कुटुंबाचा चौदा वर्षांचा इतिहास याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

माझ्या वर्गातून पदवी घेऊन पुण्याला, बंगळुरूला गेलेली मुले अशाच माजघरांत राहतात. त्यांच्या मागे धरमपेठेत, प्रतापनगरात दोन माणसांची घरे उरली आहेत. तिथे आबा आहेत, श्यामलाही आता आजी झाली आहे. पण ज्यांच्याकडे पाहून गालात हसावे आणि रात्री चार ओळी लिहाव्यात, ती शलाका आणि तो शिऱ्या रविवारी मोबाइलच्या पडद्यावर दहा मिनिटे येतात. या घराची विनोदी मालिका माझ्या पाहण्यात अजून आलेली नाही. हसण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. मात्र आता अधिकार सोडायचा म्हटला, तरी तो घ्यायला घरात कुणी नाही.