नसलेला ब्राउझर

निन्टेंडो स्विच या खेळयंत्रात वेब ब्राउझर नाही. होम स्क्रीनवरच्या चौकटी एकेक करून चाळा, निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात पैसे मोजायची तयारी दाखवा, ब्राउझर मिळणार नाही. ३ मार्च २०१७ रोजी हे यंत्र बाजारात आलं तेव्हापासून हे असंच आहे. आणि तरीही ब्राउझर त्यात पहिल्यापासून आहे. वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या पायावर उभा, जावास्क्रिप्ट जाणणारा, अॅक्सेस नावाच्या जपानी कंपनीने बनवलेला. नावही भारदस्त: नेटफ्रंट ब्राउझर एनएक्स. ज्या दुकानात तुम्ही त्याला शोधत होतात, ते दुकानच मुळी त्याच्या पोटात उघडलेलं असतं. फक्त त्याला स्वतंत्रपणे हाक मारायचं बटण कुणी ठेवलेलं नाही.

मला या ब्राउझरचं अप्रूप वाटतं ते त्याला सांभाळून ठेवावं लागण्याच्या एका कारणामुळे. दुकान काय, उद्या दुसऱ्या पद्धतीनेही बांधता येईल. पण जगातल्या हॉटेलांचं, विमानतळांचं, रेल्वे स्थानकांचं काय करायचं? जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गुगलने मिळून फुकट वायफाय सुरू केलं, ते ज्यांनी वापरलंय त्यांना आठवत असेल. नेटवर्क जोडलं जायचं, पण हाती काही लागायचं नाही. आधी एक पान समोर यायचं, मोबाइल नंबर द्या म्हणायचं, मग ओटीपी, मग प्रवेश. असं पान सगळीकडे वेगळं असतं. कुठे खोली क्रमांक विचारतील, कुठे आडनाव, कुठे नुसतं ‘अटी मान्य’वर टिचकी मारायला लावतील. ही पानं निन्टेंडोच्या हातात नाहीत. ती हॉटेलवाल्याने कुणाकडून तरी करून घेतलेली असतात, आणि बऱ्याचदा यथातथाच. ती दाखवायची तर ब्राउझर हवाच. ड्रॅगन मारणाऱ्या यंत्रालाही अर्ज भरता यावा लागतो, अशी ही गंमत.

पण अर्ज भरायची वेळ आली हे यंत्राला कळतं कसं? स्विच नेटला जोडला गेला की तो निन्टेंडोच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटीशी विचारणा करतो. ठरलेलं उत्तर आलं, तर रस्ता मोकळा. उत्तराऐवजी भलतंच पान आलं, तर मधे कुणीतरी अडवतंय, हे तो ओळखतो, या नेटवर्कसाठी नोंदणी करावी लागेल असं सांगतो आणि लपवलेला ब्राउझर पुढे करतो. हौशी मंडळींनी नेमकं इथे बोट ठेवलं. स्विचच्या इंटरनेट सेटिंगमध्ये डीएनएसचा पत्ता हाताने भरता येतो. डीएनएस म्हणजे नावावरून ठिकाण सांगणारी व्यवस्था. तिथे आपल्या माहितीतल्या कुणाचा आकडा टाकला, की स्विच ‘निन्टेंडो कुठे राहतं?’ असं विचारतो आणि त्याला पत्ता मिळतो भलत्याच घराचा. तिथून उत्तर येत नाही, पान येतं. स्विचची समजूत होते की आपण कुठल्यातरी हॉटेलात आहोत. त्या पानावर एक रिकामी चौकट असते: कुठे जायचंय ते लिहा. स्विचब्रू नावाची अशी एक सेवा खेळाडूंमध्ये चांगली परिचित आहे.

फसवणूक म्हणावी तर इतकी निरागस की कुणाचं काही जात नाही. कुलूप तोडलेलं नाही, यंत्र उघडलेलं नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला जशी दिंडी आहे, तशी ही दिंडी: हत्तीसाठी केलेल्या दारातलं माणसापुरतं दार. तिच्यातून आत जाता येतं, पण मान वाकवून.

मान किती वाकवावी लागते, ते माझ्या भाच्याने दाखवलं. त्याचा स्विच दुबईच्या काकांच्या सामानातून आलेला. “मावशी, काय उघडू, सांग,” म्हणाला, आणि यंत्र टीव्हीला जोडून बसला. टीव्हीला जोडलं की टचस्क्रीनचा उपयोग संपतो. जॉय-कॉन या कंट्रोलरच्या इवल्याशा काठीने पडद्यावरच्या कळफलकावर एकेक अक्षर शोधायचं. एका संकेतस्थळाचं नाव लिहीपर्यंत माझा चहा निवला. फोनवर आपण विचार करण्याआधी टाइप करतो; इथे उलट. प्रत्येक अक्षराचे श्रम पडत असल्यामुळे कुठे जायचं याचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. उगाच इकडून तिकडे हिंडणं या ब्राउझरला परवडत नाही आणि तो ते करूही देत नाही. टॅब नाहीत. व्हिडिओ चालत नाहीत. फाइल उतरवून ठेवता येत नाही. बाहेर पडलात की झालं गेलं विसरायचं, पुन्हा यायचं तर पुन्हा सगळी सेटिंगची वारी. जड पान आलं की दम लागतो, आणि आताची पानं जडच असतात: बातमी चार ओळींची आणि तिच्याभोवती जाहिरातींचा लवाजमा. कुठली स्थळं या अरुंद वाटेने नीट येतात हे बघत बसलं, की वेबचं वजन केवढं वाढलंय ते उमगतं. साधा मजकूर, चार दुवे, एखादं चित्र असं पान अजूनही बिनबोभाट येतं. कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं पान इथे ताठ उभं राहतं आणि कालपरवा लाखो रुपये ओतून केलेलं पांढरंफटक पडतं.

या सगळ्या उणिवा मला गोड वाटतात, एक सोडून. त्या ब्राउझरला पत्त्याची पट्टीच नाही. आपण कुठल्या पानावर आहोत, हे पान खरंच त्याच स्थळाचं आहे का, काही दिसत नाही. हॉटेलचं पान दाखवण्यापुरती केलेली सोय, तिथे पट्टी कशाला, असा करणाऱ्याचा हिशोब असणार, आणि तो त्याच्या जागी बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या डीएनएसवर विसंबून, पत्ता न दिसणाऱ्या खिडकीत, आपला पासवर्ड लिहिणं म्हणजे डोळे मिटून सही करणं. भाच्याला तेवढं निक्षून सांगितलं: बघायचं ते बघ, लॉगिन कुठेही करायचं नाही. “मग मजा काय?” असं तो म्हणाला. मजा तेवढीच.

आणि मग मी एक मराठी पान उघडायला सांगितलं. चौकोन. ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या; मधूनच एखादा इंग्रजी शब्द आणि पूर्णविराम. स्विचमध्ये निन्टेंडोने जे सामायिक फाँट भरलेत, त्यांत जपानी आहे, रोमन आहे, चिनीच्या दोन्ही तऱ्हा आहेत, कोरियन आहे. देवनागरी नाही. कळफलकातही नाही. त्यामुळे मराठीत ना वाचता येत, ना लिहिता. मला राग यायला हवा होता, पण आलं ते हसू, कारण हे चौकोन माझ्या ओळखीचे होते. युनिकोड रुळायच्या आधीच्या काळात मराठी वर्तमानपत्र नेटवर वाचायचं, तर आधी त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे. या पेपरचा एक, त्या पेपरचा दुसरा. शिवाजी, शुषा, आणखी कोण कोण. फाँट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. सायबर कॅफेच्या मालकाला ‘दादा, हा फाँट टाकून द्या ना’ अशी गळ घालणाऱ्या पिढीतली मी. वीस वर्षांत देवनागरी सगळ्या फोनांत जाऊन बसली, आणि आम्ही ते दिवस विसरलोही. खेळाच्या यंत्रात ते अजून शिल्लक आहेत.

ही दिंडी शोधणारे स्विचवालेच पहिले असं मानू नका. २४ मार्च २००५ रोजी सोनीचं पीएसपी अमेरिकेत विक्रीला आलं. हातात मावणारं, वायफाय असलेलं, देखणं. ब्राउझर मात्र नाही. त्याच्या सोबत आलेल्या ‘वाइपआउट प्युअर’ या शर्यतीच्या खेळात नवे ट्रॅक उतरवून घ्यायची सोय होती, आणि ती सोय म्हणजे सोनीचं एक वेबपान. खेळाच्या पोटात ब्राउझर लपलाय हे लोकांनी ओळखलं, डीएनएस बदलला, आणि शर्यतीच्या खेळातून बातम्या वाचायला सुरुवात केली. युक्ती तीच, स्विचच्या बारा वर्षं आधीची. फरक पुढचा आहे. सोनीने त्याच वर्षी, जुलैत जपानमध्ये आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत, रीतसर ब्राउझर देऊन टाकला. तोही नेटफ्रंटच. पीएसपीची मेमरी होती ३२ एमबी. मोठं पान आलं की ‘मेमरी पुरत नाही’ म्हणून तो हात वर करायचा. पण होता, आणि आपल्या नावाने होता.

तो काळच तसा होता. प्रत्येक खेळयंत्राला संगणक व्हायचं होतं. सेगाच्या ड्रीमकास्टने मोडेम पोटात घेऊन जन्म घेतला होता. निन्टेंडो डीएससाठी ऑपेराचा ब्राउझर चक्क कार्डावर विकत मिळे, आणि यंत्राची मेमरी तोकडी म्हणून सोबत जादा मेमरीचा तुकडा दुसऱ्या खाचेत खोचायचा. निन्टेंडोच्याच वी या यंत्रावरचा ऑपेरा आधी फुकट, मग पाचशे पॉइंटांना, मग पुन्हा फुकट. पण माझा आवडता त्यानंतरच्या वी यूचा. २०१२ सालचा. त्यात एक बटण दाबलं की टीव्हीवर पडदा पडायचा, अगदी नाटकाचा असतो तसा. घरची मंडळी पडदा बघत बसणार, तुम्ही हातातल्या गेमपॅडवर निवांत शोधाशोध करणार, आणि दाखवण्याजोगं काही सापडलं की पडदा वर. एवढा लाघवी ब्राउझर मी दुसरा पाहिला नाही. कुणालातरी हे सुचलं आणि कुणीतरी वरच्याने ते मान्य केलं, याचंच मला नवल वाटतं.

मग त्याच निन्टेंडोने पुढच्या यंत्रात ब्राउझर लपवला का? सगळ्यांच्या खिशात फोन आले, हे एक उत्तर. मला दुसरं जास्त पटतं. ब्राउझर म्हणजे परक्याने लिहिलेलं काहीही आत घेऊन चालवणारी वस्तू. यंत्राच्या भिंतीला भोक पाडायचं झालं तर सुरुवात इथून. निन्टेंडोच्या थ्रीडीएसवर हेच घडलं, सोनीच्या पीएस४ वरही. आणि स्विचची कथा तर कादंबरीत शोभेल. ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या आयफोनवर संशयास्पद दुवे असलेले संदेश आले. त्यांनी ते न उघडता टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठवले. त्यातून बाहेर आलं ते पेगसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर, जे नाव पुढे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही मुक्कामाला आलं. पेगसस आत शिरत होतं तीन फटींमधून, आणि त्यांतली एक वेबकिटमधली होती. अॅपलने त्या महिन्याच्या आतच दुरुस्ती केली. सहा महिन्यांनी स्विच आला, आणि त्याच्या लपलेल्या ब्राउझरातलं वेबकिट दुरुस्तीच्या आधीचं निघालं. आयफोनच्या फटी शोधण्यात मुरलेल्या लुका टोडेस्को या इटालियन संशोधकाने काही दिवसांतच त्याच जुन्या किल्लीने स्विचच्या ब्राउझरचं दार उघडून दाखवलं. मागोमाग दुसऱ्या हौशी गटाने त्यावर साधनांचा संच रचला आणि त्याचं नाव ठेवलं पेगास्विच. एका कार्यकर्त्यावर पाळत ठेवायला वापरलेली फट, आणि तिच्यातून डोकावून ही पोरं बघत होती ती मारिओच्या यंत्राची मेमरी. निन्टेंडोने फट बुजवली. दिंडी बुजवता आली नाही, कारण हॉटेलांची पानं अजून होतीच.

पीएस५ मध्येही ब्राउझरचं चिन्ह नाही. पण सेटिंगमधली वापरपुस्तिका उघडली की ती वेबपान म्हणून येते, आणि डीएनएसवाले तिथेही आधीच पोचलेले आहेत. एक वाट ट्विटरची होती: खातं जोडायच्या निमित्ताने लॉगिनचं पान उघडायचं आणि त्यातल्या दुव्यांवरून हळूच बाहेर सटकायचं. प्लेस्टेशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि निन्टेंडोने जून २०२४ मध्ये ती जोडणीच काढून टाकली, आणि सटकणाऱ्यांची वाट आपोआप बंद झाली.

चौकोनांनी भाच्याला मात्र डिवचलं. मला ते तसंच सोडून द्यावंसं वाटलं होतं. त्याने संध्याकाळभर लॅपटॉपवर खटपट केली. मराठीत मजकूर लिहिला, त्याचं चित्र करून घेतलं, ते एका साध्या पानात चिकटवलं आणि पान घरच्याच नेटवर्कवर ठेवलं. चित्राला फाँट लागत नाही. मराठी संकेतस्थळं पूर्वी शीर्षकं अशीच चित्रं करून लावायची, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. स्विचच्या पडद्यावर स्वच्छ देवनागरी उमटली: झेल्डा या खेळातल्या एका देवळाचं कोडं कसं सोडवायचं, त्याच्या पंधरा ओळी, धाकट्या बहिणीसाठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. तिने काठी फिरवत फिरवत खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “दादा, चौथी ओळ चुकलीय. तिथे बाण नाही मारायचा, बॉम्ब ठेवायचा.” चित्रातली ओळ दुरुस्त करता येत नाही. तो पुन्हा लॅपटॉप उघडून बसला.