सुट्टी सरायची वाट पाहणारी मुलं

आमच्या चांदूर रेल्वेत फौजी माणूस सुट्टीवर आला की गल्लीत सणच असतो. स्टेशनवर काळी ट्रंक उतरते, शेजारीपाजारी भेटायला येतात, नात्यागोत्यात जेवणाची बोलावणी होतात. त्यात वावगं काही नाही. पण अशा वेळी एखाद्या घरातलं मूल गप्प गप्प होतं, तिकडे मात्र आपलं लक्ष जात नाही.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका चिमुरडीने मला विचारलं, “काकू, बाबा कधी जातीन?”

“काहून वं?”

“मंग आईले झोप येईन.”

रात्रीचे आवाज भिंतीतून आम्हालाही ऐकू यायचे. पण पोरीला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. “पोरीला तर मारत नाही ना!” असं म्हणून बायका विषय संपवायच्या.

मैत्रिणींनो, आईला बसलेला मार मुलाला बसत नाही, असं का आपण समजतो? असं मूल झोपेत दचकतं, अंथरूण ओलं करतं, शाळेच्या वेळी पोट दुखतं म्हणतं, नाहीतर धाकट्यावर हात उगारतं. आणि हे इथेच थांबत नाही. जिच्या आईला बापाने मारलं, अशा लेकीला पुढे स्वतःच्या संसारातही मार सोसावा लागण्याचा संभव जास्त, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही दिसून आलं आहे.

फौजीच्या मुलाची अडचण आणखी वेगळी. सारं गाव ज्याला मान देतं, त्याच्याविरुद्ध त्याने सांगावं तरी कोणाला? सीमेवरचे हाल, जागरणं, घरापासूनचा दुरावा, हे सारं खरंच आहे. त्यासाठी उपचार आहेत, ते जरूर घ्यावेत. पण पलटणीत साहेबांसमोर जो हात आवरता येतो, तो घरी का आवरू नये?

त्या मुलीच्या आईला एकच धास्ती होती, “तक्रार केली अन् पैसा बंद झाला, तर पोरं काय खातीन?” ही धास्ती पुष्कळींना असते, म्हणून सांगते. १९५० च्या सेना कायद्यानुसार नवऱ्याच्या पगारातून बायको-मुलांसाठी पोटगी कापून देता येते. बायकोला २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलाला साडेपाच टक्क्यांपर्यंत, पण सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या आत. त्यासाठी त्याच्या युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करावा. अर्ज कसा करायचा, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. शिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फौजीच्या बायकोलाही लागू आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्यामार्फत मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येते आणि मुलांचा तात्पुरता ताबाही मिळू शकतो.

तिने आधी नवऱ्याचा सैनिक क्रमांक, युनिटचा पत्ता, लग्नाचा नि मुलांच्या जन्माचे दाखले एका पिशवीत घालून माझ्याकडे ठेवले. मग अर्ज केला. “देशासाठी लढणाऱ्याची बदनामी करते!” असं गल्लीत बोललंही गेलं. तिने ऐकून घेतलं. काही महिन्यांनी तिच्या नावाने पैसे येऊ लागले.

महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे दोन नंबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेजारचं मूल संध्याकाळी आपल्या ओट्यावर रेंगाळलं, तर त्याला घरी पिटाळू नका. पोळी-भाजी द्या, अभ्यासाला बसवा. आणि यात तुझा काही दोष नाही, हे त्याला एकदा तरी सांगा. ते विचारणार नाही, पण त्याच्या मनात तेच असतं.