हप्ता देणाऱ्याला काय म्हणायचं?

२० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आठ गुन्हेगारी टोळ्यांना 'विदेशी दहशतवादी संघटना' म्हणून जाहीर केलं. त्यात मेक्सिकोच्या सहा कार्टेल होत्या. सिनालोआ, हालिस्को, गल्फ ही त्यातली बातम्यांतून कानावर पडलेली नावं. सोबत एल साल्वाडोरमधली 'एमएस-१३' आणि व्हेनेझुएलाची 'त्रेन दे अराग्वा'. पुढे हैती आणि इक्वेडोरमधल्या टोळ्यांचीही भर पडली. अमली पदार्थ, अपहरण आणि खंडणीवर जगणाऱ्या या टोळ्या आता अल-कायदा आणि आयसिसच्या रांगेत बसल्या आहेत.

ही बातमी वाचून माझ्या ओळखीतल्या एक-दोघांना चक्क बरं वाटलं. "चला, त्या यादीत आपली नसलेली नावंही आली म्हणायची!" तशी ती यादी १९९७ साली सुरू झाली तेव्हापासून तीत तमिळ टायगर्स होते, कोलंबियाचे फार्क गनीम होते, स्पेनमधली बास्क संघटना होती. पण सरकारी यादी वेगळी आणि लोकांच्या डोक्यातली यादी वेगळी. दुसऱ्या यादीत कोण असतं हे आपल्याला विमानतळावर आणि भाड्याचं घर शोधताना कळतं. त्यामुळे त्या दोघांचं समाधान मला समजतं. ते फार काळ टिकणारं नाही, एवढंच.

कार्टेलबद्दल सहानुभूती बाळगावी असं काहीही नाही. मेक्सिकोत एक लाखाहून अधिक माणसं बेपत्ता आहेत आणि त्यांच्या आया हातात फावडी घेऊन माळरानावर हाडं शोधत फिरतात. २०१४ साली आयोत्झिनापाच्या अध्यापक विद्यालयातले ४३ विद्यार्थी एका रात्रीत गायब झाले. २०१९ मध्ये सोनोरा राज्यात एकाच कुटुंबातल्या नऊ अमेरिकी बायका-मुलांना गाड्यांमध्येच मारलं गेलं. 'यांना दहशतवादी म्हणा' ही मागणी त्याच कुटुंबातल्या लोकांनी केली होती. ज्याचं माणूस गेलं त्याने काय म्हणावं, हे मी कशाला सांगू?

मात्र हा शिक्का नव्हता तेव्हाही अमेरिकेचे हात बांधलेले नव्हते. अमली पदार्थांच्या बड्या व्यापाऱ्यांची मालमत्ता गोठवणारा कायदा १९९९ पासून आहे. सिनालोआचा म्होरक्या एल चापो याला २०१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मठेप झाली, ती साध्या गुन्हेगारी कायद्यांखालीच. मग या शिक्क्याने नवं काय आणलं? कायद्याच्या भाषेत ते दोन शब्द आहेत : 'भौतिक साहाय्य'. दहशतवादी संघटनेला पैसा, निवारा, प्रशिक्षण, वाहन, सल्ला असं काहीही जाणूनबुजून दिलं तर वीस वर्षांपर्यंत शिक्षा. २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अशा संघटनेला भांडण शांततेने कसं सोडवावं हे शिकवणं हेदेखील साहाय्यच. कार्टेलवाला आधीच गुन्हेगार होता. नव्याने संशयाच्या टप्प्यात येतो तो त्याच्या आसपासचा माणूस.

आणि मेक्सिकोत 'आसपास' म्हणजे किती मोठा प्रदेश! मिचोआकान राज्यात लिंबू आणि अवोकाडोच्या बागा आहेत. तिथल्या शेतकऱ्याला प्रत्येक पेटीमागे, प्रत्येक किलोमागे टोळीला पैसे मोजावे लागतात. तिकडे त्याला 'कोब्रो दे पिसो' म्हणतात, म्हणजे जागेची वसुली. आपल्याकडे हप्ता. आपातसिंगानच्या लिंबू उत्पादकांचे नेते बर्नार्दो ब्राव्हो या वसुलीविरुद्ध उघड बोलत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा खून झाला. दोनच आठवड्यांनी शेजारच्या उरुआपान शहराचे महापौर कार्लोस मान्सो यांना भर सणाच्या गर्दीत गोळ्या घातल्या. हप्ता न देण्याचा भाव तिथे हा आहे. आणि दिला, तर कायद्याचं पुस्तक उघडून कुणी विचारू शकतं की, दहशतवाद्यांना पैसा पुरवलास की नाही?

हा प्रश्न मला परका वाटत नाही. माझे एक मामू ऐंशीच्या दशकात दक्षिण मुंबईत छोटंसं चहाचं हॉटेल चालवायचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पोरगा यायचा, काउंटरवर कोपर टेकून उभा राहायचा, चहा प्यायचा, पैसे न देता जायचा आणि जाताना पाकीट घेऊन जायचा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मामूंना दोनदा चौकीत बोलावलं. तो पोरगा तुमचा कोण, त्याला पैसे का देत होतात? मामूंचं उत्तर आमच्या घरात आजही सांगितलं जातं : "साहेब, मी त्याला नाही ओळखत. तो मला ओळखतो." दोन्ही वेळा संध्याकाळी त्यांना सोडून दिलं, पण त्यानंतर त्यांनी हॉटेल फार दिवस ठेवलं नाही. टाडाच्या त्या दिवसांत नुसतं सुटून येणं हेच नशीब समजलं जायचं.

टोळी आणि दहशतवाद यांचा संबंधच नसतो, असं मुंबईकराने तरी म्हणू नये. १२ मार्च १९९३ ला २५७ माणसं गेली आणि त्यामागे तस्करीचे मार्ग, तस्करीच्या बोटी आणि तस्करांची माणसं होती. दाऊद इब्राहिमला अमेरिकेने २००३ मध्ये जागतिक दहशतवादी ठरवलं आणि २००६ मध्ये अमली पदार्थांचा मोठा तस्करही. ज्याने दोन्ही केलं त्याला दोन्ही म्हणा. पण एकदा कायद्याने हे दोन डबे जोडले की त्यांतून कोण कुठे ढकललं जाईल, यावर ताबा राहत नाही. महाराष्ट्राने हाच प्रयोग उलट्या दिशेने केला. १९९९ चा मकोका कायदा अंडरवर्ल्डसाठी, संघटित गुन्हेगारीसाठी आणला. त्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. काही वर्षांतच तो बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत वापरला जाऊ लागला. २००६ च्या मालेगाव स्फोटात त्याच कायद्याखाली पकडलेल्या नऊ मुसलमानांना २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. २००६ च्याच मुंबई लोकल स्फोटांत मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं होतं, पाच जणांना फाशी सुनावली होती. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तोवर त्यातला एक तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्याला स्थगिती दिली आहे. सुटलेले मात्र बाहेर आहेत, एकोणीस वर्षं मागे ठेवून.

अमेरिकेत हा धागा सर्वांत जास्त करकचतो तो आश्रय मागणाऱ्यांच्या गळ्याभोवती. एल साल्वाडोरच्या एका बाईला १९९० मध्ये गनिमांनी पळवून नेलं. नवऱ्याला स्वतःची कबर खणायला लावून मारलं, तेही तिच्यासमोर. तिच्याकडून स्वयंपाक, झाडलोट, धुणंभांडी करवून घेतली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळाने निकाल दिला की, ही धुणीभांडी म्हणजे दहशतवादी संघटनेला भौतिक साहाय्य. मदत किती किरकोळ, याला महत्त्व नाही. आणि 'जबरदस्तीने करवून घेतलं' हा बचाव चालत नाही, हे त्याच मंडळाने दोन वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. आता विचार करा, मुलाला सोडवण्यासाठी कार्टेलला खंडणी देऊन उत्तरेकडे पळालेल्या आईचं काय होईल? ज्याच्यापासून ती पळतेय तो जितका भयंकर ठरेल, तितकं तिच्यासाठी दार घट्ट बंद होईल.

आता दुसरं टोक पाहा. चिकिता ही केळ्यांची कंपनी १९९७ ते २००४ या काळात कोलंबियातल्या निमलष्करी टोळ्यांना पैसे देत होती. त्यातली शेवटची काही वर्षं ती संघटना दहशतवादी यादीत होती. कंपनीने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, अडीच कोटी डॉलर दंड भरला. अमेरिकेत तिच्या एकाही अधिकाऱ्याला तुरुंग झाला नाही. आणि बंदुका? कार्टेलच्या हातातली बरीच शस्त्रं अमेरिकेतल्या दुकानांतून येतात. मेक्सिको सरकारने त्या कंपन्यांवर दावा लावला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. शस्त्र उत्पादकांना संरक्षण देणारा कायदा तिथे २००५ पासून आहे.

आपल्या वाचकांना सोमालियाची गोष्ट तरी आठवायला हवी. नोव्हेंबर २००१ मध्ये 'अल-बरकात' ही हवाला पेढी अमेरिकेने बंद पाडली. परदेशात टॅक्सी चालवणारे, कत्तलखान्यांत राबणारे सोमाली तिच्यामार्फत घरी पैसे पाठवायचे. ती दहशतवाद्यांना पैसा पुरवते असं सांगितलं गेलं, पण ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाला तसा पुरावा मिळाला नाही. २००८ मध्ये अल-शबाब यादीत आली. २०११ चा दुष्काळ नेमका तिच्या ताब्यातल्या भागात पडला. धान्याचा ट्रक नाक्यावरून न्यायचा तर अल-शबाबला कर द्यावा लागे आणि कर दिला तर कायदा मोडे. संस्था कचरल्या. दुष्काळाची आणि अल-शबाबने घातलेल्या बंदीचीही कारणं होतीच, पण हेही एक होतं. अडीच लाखांहून अधिक माणसं मेली, निम्मी पाच वर्षांखालची बाळं. जकातीची रक्कम कुठे पाठवावी याची धास्ती तेव्हापासून अनेक घरांत बसली आहे. मेक्सिकोला दरवर्षी साठ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम असेच मजूर घरी पाठवतात.

व्यसनाने मरणाऱ्यांचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. अमेरिकेत २०२३ मध्ये अतिसेवनाने एक लाखाहून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये हा आकडा ऐंशी हजारांच्या आसपास उतरला. म्हणजे घट शिक्क्याच्या आधीच सुरू झाली होती. फेंटानिलच्या गुन्ह्यात तिथे शिक्षा होणारे बहुतेक जण अमेरिकी नागरिकच असतात. आणि अमली पदार्थांच्या तस्करीसाठी ४५ वर्षांची शिक्षा झालेले होंडुरासचे माजी राष्ट्राध्यक्ष हर्नांदेझ यांना ट्रम्प यांनी डिसेंबर २०२५ मध्ये माफी दिली!

शिक्का बसल्यावर महिनाही झाला नव्हता, तोच मार्च २०२५ मध्ये दोनशेहून अधिक व्हेनेझुएलन तरुणांना 'त्रेन दे अराग्वा'चे म्हणून विमानात घालून एल साल्वाडोरच्या महातुरुंगात टाकलं. कित्येकांविरुद्धचा मुख्य 'पुरावा' अंगावरचं गोंदण होता. त्यातल्या एका मेकअप कलाकाराच्या मनगटांवर मुकुट होते, आणि खाली 'आई', 'बाबा'. ते सगळे जुलैमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले. सप्टेंबरपासून कॅरिबियन समुद्रात बोटींवर क्षेपणास्त्रं पडू लागली. पहिल्याच हल्ल्यात ११ जण गेले, वर्षअखेरीस मेलेल्यांची संख्या शंभरावर होती. खटला नाही, नावंसुद्धा नाहीत. १६ ऑक्टोबरच्या हल्ल्यातून मात्र दोघे जिवंत सापडले. ज्यांना काही तासांपूर्वी दहशतवादी म्हणून उडवायचं होतं, त्यांना अमेरिकेने न्यायालयात उभं केलं नाही, त्यांच्या देशांत परत पाठवून दिलं. त्यातला एक इक्वेडोरचा होता. तिथल्या सरकारी वकिलांना त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही. त्यांनी त्याला घरी जाऊ दिलं.